दूरचे विद्यापीठ : यवतमाळच्या बाजूने वाचलेले काही दस्तऐवज

यवतमाळ जिल्ह्याला स्वतःचे सार्वजनिक विद्यापीठ कधी नव्हते, आजही नाही. इथल्या मुलांच्या पदव्यांवर गेल्या सव्वाशे वर्षांत जी नावे छापून आली ती सगळी बाहेरगावची. आधी कलकत्ता किंवा मुंबई, मग अलाहाबाद, १९२३ पासून नागपूर, १९८३ पासून अमरावती. शेतकीची पदवी असेल तर अकोला. विद्यापीठ बदलले की त्यामागचा कायदाही बदलला. प्रत्येक कायद्याने, आयोगाच्या अहवालाने, एके ठिकाणी तर एका मृत्युपत्राने, विद्यापीठ कशासाठी असते याचे आपापले उत्तर लिहून ठेवले. हा वाद आपल्याकडे बहुधा बर्लिन आणि ऑक्सफर्डच्या दाखल्यांनी मांडला जातो. वणी, पुसद, उमरखेड इथून तो वेगळा दिसतो, कारण इथल्या विद्यार्थ्याचे आणि विद्यापीठाचे नाते बहुतेक काळ प्रश्नपत्रिका आणि निकाल एवढ्यापुरतेच राहिले. हेतूची कलमे वाढत गेली आणि हे नाते फारसे बदलले नाही, असे माझे वाचन आहे. ते कोणत्या कागदांवर उभे आहे ते पुढे मांडतो.

पहिला कागद १९ जुलै १८५४ चा, चार्ल्स वूडच्या नावाने ओळखला जाणारा शिक्षणविषयक खलिता. हिंदुस्थानात विद्यापीठे काढावीत आणि ती लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर काढावीत, असे त्यात सांगितले आहे. त्या वेळचे लंडन विद्यापीठ शिकवत नव्हते. निरनिराळ्या कॉलेजांतल्या मुलांची परीक्षा घेऊन ते पदवी देत असे. खलित्यातली ही सूचना १८५७ च्या तिन्ही विद्यापीठ कायद्यांच्या उद्देशिकेत जशीच्या तशी उतरली. उद्देशिका छोटी आहे, पण थांबून वाचण्यासारखी आहे. महाराणीच्या सर्व वर्गांतल्या आणि पंथांतल्या प्रजेला नियमित व उदार शिक्षणक्रमाकडे वळण्यास उत्तेजन द्यावे, वाङ्मय, शास्त्र आणि कला यांत कोणी प्रावीण्य मिळवले ते परीक्षेने ठरवावे, आणि त्या प्रावीण्याचा पुरावा म्हणून पदवी द्यावी, असा तिचा आशय. म्हणजे उत्तेजन, परीक्षा आणि पुरावा ही तीन कामे. शिकवण्याची जबाबदारी विद्यापीठावर टाकलेलीच नाही. संशोधनाचा तर विचारही नाही.

युरोपात त्याच सुमारास काय म्हटले जात होते, ते शेजारी ठेवून पाहावे. बर्लिनचे विद्यापीठ १८१० मध्ये निघाले. अध्यापन आणि संशोधन एकमेकांपासून तोडता येत नाही, हा हुम्बोल्टचा विचार त्याच्या मुळाशी होता. खलित्याच्या दोनच वर्षे आधी, १८५२ मध्ये, जॉन हेन्री न्यूमनने डब्लिनमध्ये विद्यापीठावरची व्याख्याने दिली. ज्ञान हेच ज्ञानाचे साध्य, ही त्याची मुख्य भूमिका. नुसती परीक्षा घेऊन पदवी देणारे विद्यापीठ आणि परीक्षा नसलेले, पण तरुणांना काही वर्षे एकत्र राहू देणारे विद्यापीठ, यांतले एक निवडायचे झाले तर आपण दुसरे निवडू, असे त्याने स्पष्ट लिहून ठेवले आहे. हिंदुस्थानच्या वाट्याला पहिले आले. राज्यकर्त्यांच्या बाजूने ते समजण्यासारखे आहे. पसरलेला मुलूख, कमी खर्च आणि कचेऱ्यांसाठी पारखून घेतलेली माणसे हवीत, हा हिशेब परीक्षेच्या विद्यापीठात चोख बसत होता.

यवतमाळ जिल्ह्याला तेव्हा वणी जिल्हा म्हणत. आजचे नाव १९०५ च्या फेररचनेत आले. याच वणीत २९ ऑगस्ट १८८० रोजी माधव श्रीहरी अणे यांचा जन्म झाला. वणीतून नागपूर गाठायचे तर वर्धा नदी ओलांडावी लागे, पलीकडे वरोऱ्याला रेल्वे होती. अणे नागपूरच्या मॉरिस कॉलेजात शिकले आणि १९०२ मध्ये बी.ए. झाले. मॉरिस कॉलेज तेव्हा कलकत्ता विद्यापीठाला जोडलेले होते. नागपुरात शिकायचे, पदवी मात्र हजारभर किलोमीटरवरच्या कलकत्त्याची घ्यायची, ही त्या पिढीची रीतच होती. पुढे कायद्याची परीक्षा देऊन ते यवतमाळला वकिली करू लागले. कायद्याच्या उद्देशिकेने पदवीला पुरावा म्हटले होते आणि इथे पदवी तेवढ्याच कामी आली. तिने सनद मिळवून दिली. जुलै १९३० मध्ये पुसदजवळच्या राखीव जंगलात गवत कापून त्यांनी केलेला सत्याग्रह, किंवा टिळकांवर त्यांनी रचलेले ‘तिलकयशोऽर्णव’ हे संस्कृत महाकाव्य, ज्याला त्यांच्या मृत्यूनंतर १९७३ मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, यांतले काहीच १८५७ च्या उद्देशिकेत बसत नाही. माणूस विद्यापीठाच्या हेतूपेक्षा कितीतरी मोठा निघाला.

इथे एक सावधगिरी हवी. परीक्षेच्या विद्यापीठाला नुसते नावे ठेवून चालणार नाही, आणि ते का, हे ऑक्टोबर १८८२ च्या एका कागदावरून कळते. हंटर शिक्षण आयोगापुढे जोतीराव फुले यांनी जे निवेदन दिले ते प्राथमिक शिक्षणाच्या मागणीसाठी प्रसिद्ध आहे. सरकार उच्च शिक्षणावर सढळ हाताने खर्च करते आणि ज्यांच्या करातून तो पैसा येतो त्या कष्टकऱ्यांची मुले शाळेबाहेर राहतात, हा त्यांचा मुख्य आक्षेप. पण त्याच निवेदनाच्या शेवटाकडे उच्च शिक्षणाविषयी एक व्यवहारी मागणी आहे आणि तिच्याकडे फारसे लक्ष जात नाही. प्रवेश परीक्षेला खासगी रीतीने अभ्यास करणाऱ्या मुलांना बसू देतात ते चांगले आहे, तीच सवलत वरच्या पदव्यांनाही द्यावी, परीक्षेची पुस्तके सर्वांना कळतील अशी जाहीर करावीत, असे फुले म्हणतात. ज्याला पुण्या-मुंबईत राहणे परवडत नाही त्याच्यासाठी परीक्षा हेच दार होते. न्यूमनला जे विद्यापीठ हलके वाटले तेच फुल्यांना, आणखी थोडे उघडले तर, गरिबाच्या कामाचे वाटले. दोघांचे श्रोते वेगळे होते आणि अडचणीही वेगळ्या. विदर्भातल्या मुलाच्या बाजूने बोलायचे तर फुल्यांचा कागद जवळचा आहे.

१९०४ च्या कायद्याने विद्यापीठांना प्राध्यापक नेमण्याचा, ग्रंथालये आणि प्रयोगशाळा उभारण्याचा, अध्ययन आणि संशोधन वाढवण्याचा अधिकार दिला. विदर्भातल्या मुलाला त्यातून एवढेच मिळाले की प्रदेशांची वाटणी नव्याने झाली आणि वऱ्हाडासह मध्य प्रांत अलाहाबाद विद्यापीठाच्या हद्दीत गेला. मग १९१७ ते १९१९ या काळात सॅडलर आयोगाने कलकत्ता विद्यापीठाची तपासणी केली आणि विद्यापीठांनी स्वतः शिकवावे, विद्यार्थ्यांनी तिथेच राहावे, अशी शिफारस केली. अलाहाबादने ती मानली. १९२१ च्या कायद्याने ते निवासी, शिकवणारे विद्यापीठ झाले. त्याने बाहेरच्या कॉलेजांचे ओझे उतरवायचे ठरवल्यावर मध्य प्रांताला स्वतःचे विद्यापीठ काढावेच लागले. ४ ऑगस्ट १९२३ रोजी नागपूर विद्यापीठ निघाले. सर बिपिनकृष्ण बोस पहिले कुलगुरू झाले, कॉलेजे सहा आणि विद्यार्थी हजारांच्या आत. शिकवण्याची तरतूद या कायद्यात होती, तरी विद्यापीठाचा मुख्य भार संलग्न कॉलेजांवर आणि परीक्षांवरच राहिला. म्हणजे विद्यापीठाने शिकवावे या उदात्त शिफारशीमुळे अलाहाबाद शिकवू लागले आणि आपल्याला जवळचे, पण तशाच वळणाचे परीक्षा-विद्यापीठ मिळाले. त्याच १९२३ साली जर्मनीत कार्ल यास्पर्सचे विद्यापीठाच्या कल्पनेवरचे पुस्तक पहिल्यांदा आले. विद्यापीठ म्हणजे सत्याचा शोध घेणाऱ्या शिक्षक-विद्यार्थ्यांचा समुदाय, हे त्याचे सूत्र. वर्षाखेरी एकदा भेटणाऱ्या परीक्षेतून असा समुदाय उभा राहात नाही.

मराठी माणसाने या प्रश्नावर दिलेले सर्वांत नेमके उत्तर मला ५ ऑक्टोबर १९२७ च्या मुंबई विधिमंडळाच्या कामकाजात सापडते. मुंबई विद्यापीठाच्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक चर्चेला होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलायला उभे राहिले. गरजू आणि गरीब माणसाच्या दारापर्यंत सर्वोच्च शिक्षण नेण्याची सोय करणे हे विद्यापीठाचे एक मूलभूत काम आहे, नुसत्या परीक्षा घेऊन पदव्या वाटणाऱ्या विद्यापीठाला कोणत्याही सुधारलेल्या देशात आपल्या अस्तित्वाचे समर्थन करता येणार नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा सारांश. फुले यांनी दार उघडे ठेवायला सांगितले होते. आंबेडकर त्यापुढे जातात. विद्यापीठानेच उठून दारापर्यंत यावे, आणि येताना सर्वोच्च शिक्षण घेऊन यावे. गरिबासाठी दुय्यम काहीतरी चालेल, ही सवलत ते देत नाहीत. हे भाषण मुंबईपुरते असले तरी यवतमाळसारख्या जिल्ह्याचा विद्यापीठावर हक्क काय, याची सगळ्यांत स्पष्ट मांडणी त्यातच आहे.

तीन वर्षांनी नागपूर विद्यापीठाकडे एक वेगळाच कागद आला. कामठीचे खाणमालक रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण १९३० मध्ये वारले आणि त्यांनी आपल्या संपत्तीचा मोठा भाग उपयोजित विज्ञान आणि रसायनाच्या शिक्षणासाठी विद्यापीठाला ठेवला. त्यातून १९४२ मध्ये लक्ष्मीनारायण तंत्रशास्त्र संस्था उभी राहिली. विदर्भातल्या विद्यापीठाच्या इतिहासात उद्योगाने स्वतःच्या हाताने लिहिलेला हेतू म्हणजे हे मृत्युपत्र.

उद्योगाचा विचार गांधीजींच्याही मनात होता. ‘हरिजन’मध्ये १९३७ साली जुलै आणि ऑक्टोबरमध्ये त्यांनी उच्च शिक्षणाबद्दल लिहिले. अभियंते ज्यांना हवे आहेत त्या कारखानदारांनी अभियांत्रिकी कॉलेज चालवावे, डॉक्टरांचे शिक्षण रुग्णालयांशी जोडावे, आणि सरकारी विद्यापीठांनी फक्त परीक्षा घ्याव्यात व परीक्षा शुल्कावर आपला खर्च भागवावा, असे ते म्हणतात. सरकारने आपला पैसा गावातल्या मुलाच्या पहिल्या सात वर्षांच्या शिक्षणावर लावावा, ही त्यामागची तळमळ. त्याच वर्षी २२ आणि २३ ऑक्टोबरला वर्ध्यात शिक्षण परिषद झाली आणि डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीने नई तालीमची योजना लिहिली. वर्धा नदीच्या अलीकडे यवतमाळ जिल्हा सुरू होतो. इतक्या जवळ झालेल्या या विचाराला मी मनापासून मान देतो, तरी उच्च शिक्षणापुरते गांधीजींचे उत्तर या जिल्ह्याला लागू पडत नाही असे म्हणावे लागते. इथला उद्योग म्हणजे कापसाचे जिनिंग आणि प्रेसिंग, तोही हंगामी. त्याच्या भरवशावर कोणते कॉलेज उभे राहिले असते? सरकारने हात काढून घेतला असता तर इथे नुकसान कोलाम, गोंड आणि बंजारा मुलांचे झाले असते, जमीनदाराच्या मुलाला पुणे उघडेच होते. या एका मुद्द्यावर आंबेडकरांचे पारडे जड आहे.

स्वातंत्र्यानंतर राधाकृष्णन आयोगाने ऑगस्ट १९४९ मध्ये अहवाल दिला. झाकीर हुसेन या आयोगातही होते, आणि होते अमेरिकेच्या अँटिऑक कॉलेजचे माजी अध्यक्ष आर्थर मॉर्गन. ग्रामीण विद्यापीठांवरचे प्रकरण मुख्यतः मॉर्गन यांच्या विचारांचे आहे, आणि त्यावर वर्ध्याची छाया स्पष्ट दिसते. मधोमध विशेष सोयी असलेले केंद्र, भोवती लहान निवासी कॉलेजे, एका कॉलेजात साधारण तीनशे विद्यार्थी, सगळे मिळून अडीच हजार. अभ्यास आणि गावातले प्रत्यक्ष काम यांची सांगड. एखाद्या तालुक्याच्या मापाने कापलेले विद्यापीठ आपल्या देशाच्या अधिकृत कागदावर पहिल्यांदाच आले ते इथे. १९५६ मध्ये ग्रामीण उच्च शिक्षणाची राष्ट्रीय परिषद स्थापन झाली आणि देशभर निवडलेल्या ग्रामीण संस्थांत अमरावतीच्या शिवाजी लोकविद्यापीठाला जागा मिळाली. डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या श्री शिवाजी शिक्षण संस्थेचे ते रोप.

त्याच १९५६ साली यवतमाळ शहरात अमोलकचंद महाविद्यालय सुरू झाले, नेहमीच्या पद्धतीचे, नागपूर विद्यापीठाला जोडलेले. पुढे पुसदला फुलसिंग नाईक महाविद्यालय निघाले. फुलसिंग नाईक हे गहुलीच्या तांड्याचे नाईक, मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांचे वडील. तांड्याच्या नायकाचे नाव कॉलेजच्या फाटकावर येणे ही लहान गोष्ट नव्हती, आणि त्या फाटकातून आत जाणाऱ्या मुलाला बी.ए.च हवी होती. ग्रामीण संस्थांची पदविका सरकारने नोकरीसाठी पदवीच्या बरोबरीची धरली, पण विद्यापीठे तिला पुढच्या शिक्षणासाठी सहज मानेनात. बहुतेक ग्रामीण संस्था कालांतराने साध्या संलग्न महाविद्यालयांत किंवा विद्यापीठांत मिसळून गेल्या. याचा दोष पालकांना देणारे लेखन मी वाचले आहे, आणि मला ते अन्यायाचे वाटते. ज्या घरात पहिल्यांदा कोणी मॅट्रिकच्या पुढे जात होते त्या घराने शिक्षक, कारकून किंवा वकील होण्याची खात्रीची वाट सोडून प्रयोगात मूल का घालावे? पदवीला पुरावा म्हणून बाजारात किंमत होती. ती किंमत राज्याने ठेवली होती, शेतकऱ्याने नव्हे.

आता अकोल्याकडे वळतो, कारण विद्यापीठाच्या हेतूची खरी कसोटी या जिल्ह्यात कापसाच्या शेतात लागली. अमेरिकेच्या १८६२ च्या मॉरिल कायद्यातून निघालेल्या कृषी महाविद्यालयांचा नमुना भारतात १९६० मध्ये पंतनगरला आला. महाराष्ट्रात वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना १९६८ मध्ये राहुरीचे कृषी विद्यापीठ निघाले. विदर्भाला वेगळे विद्यापीठ हवे म्हणून मोठे आंदोलन झाले आणि २० ऑक्टोबर १९६९ रोजी अकोल्याचे विद्यापीठ स्थापन झाले. त्याला पंजाबरावांचे नाव आहे आणि यवतमाळसह सगळा विदर्भ त्याच्या कार्यक्षेत्रात येतो. कृषी विद्यापीठांच्या कायद्यात हेतू तीन आहेत : शिक्षण, संशोधन आणि विस्तार. विस्तार म्हणजे संशोधन बांधापर्यंत नेणे. १८५७ च्या उद्देशिकेपासून इथपर्यंतचा प्रवास केवढा मोठा आहे! आंबेडकरांनी मागितलेले दारापर्यंतचे विद्यापीठ निदान शेतीपुरते कायद्यात उतरले.

त्यातून काय आले हे दोन्ही बाजूंनी सांगायला हवे. कोरडवाहू कापसासाठी अकोल्याने दिलेले ‘पीकेव्ही हायब्रिड-२’ सारखे वाण विदर्भाच्या शेतात वर्षानुवर्षे टिकले. विद्यापीठाचे ज्ञान शेतकऱ्याच्या हातात बियाण्याच्या रूपाने पडले, तेही सार्वजनिक संस्थेचे. २००२ नंतर बीटी कापूस आला आणि बियाण्याची सूत्रे खासगी कंपन्यांकडे गेली. सल्ल्याचे काम हळूहळू कृषी केंद्राच्या काउंटरवर आले. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. शासनाने विशेष तपास पथक नेमले. त्या घटनेत कोणती औषधे मिसळली, कोणी दिली, संरक्षक साधने होती की नाही, हे प्रश्न पोलिसांचे आणि प्रशासनाचे आहेत. विद्यापीठाच्या हेतूच्या बाजूने प्रश्न एवढाच की, पिकाची उंची, पाठीवरचा पंप आणि वाऱ्याची दिशा यांतला धोका त्या मजुराला कोणी आणि कधी समजावून सांगितला होता. विस्ताराचे काम कृषी खात्यासह अनेकांत वाटलेले आहे, त्यामुळे एका संस्थेवर बोट ठेवणे योग्य नाही. मात्र विस्तार हा शब्द कायद्यात असताना ही माणसे गेली, हे नोंदवल्याशिवाय हा इतिहास पुरा होत नाही.

१९६६ च्या कोठारी आयोगाच्या अहवालात, ज्याचे सदस्य-सचिव आपले जे. पी. नाईक होते, सत्याचा निर्भय शोध, सामाजिक न्याय आणि समाजाला लागणारी कुशल माणसे घडवणे हे सगळे हेतू एकत्र आले. १ मे १९८३ रोजी अमरावती विद्यापीठ नागपूरपासून वेगळे झाले. २००५ मध्ये त्याला संत गाडगेबाबांचे नाव मिळाले. त्याच १९८३ साली राज्याने विनाअनुदान अभियांत्रिकी कॉलेजांना वाट करून दिली आणि पुसदला अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले. पालकांना परवडेल त्या शुल्कात विकत घेण्याची गोष्ट असे उच्च शिक्षणाचे रूप तिथून या जिल्ह्यात रुजले. १९९४ च्या आणि त्यानंतर २०१६ च्या विद्यापीठ कायद्यातले उद्दिष्टांचे कलम मात्र फार सुंदर आहे. ज्ञान निर्माण करणे आणि जपणे, स्थानिक प्रश्नांशी विद्यापीठ जोडणे, दुर्बल घटकांत आत्मसन्मान जागवणे, आणि समाजाचा माहितगार व निःपक्ष टीकाकार म्हणून जबाबदारी पार पाडणे, अशी त्यात कामे सांगितली आहेत. हे कलम प्रत्येक संलग्न महाविद्यालयाच्या भिंतीवर मराठीत लावावे इतके मोलाचे आहे. प्रत्यक्षात उमरखेडच्या विद्यार्थ्याला नांदेड जवळ आणि अमरावती दूर, वणीच्या विद्यार्थ्याला चंद्रपूर जवळ आणि अमरावती दूर. त्याच्या घरच्या प्रश्नांशी विद्यापीठ जोडले जाण्याआधी त्याचा हॉल तिकिटाशी आणि गुणपत्रिकेतल्या दुरुस्तीशी संबंध येतो.

२९ जुलै २०२० रोजी मंजूर झालेल्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने संलग्नतेची पद्धतच पंधरा वर्षांत टप्प्याटप्प्याने संपवायची आणि महाविद्यालयांनी स्वायत्त व्हायचे असे ठरवले आहे. १८५४ मध्ये लंडनहून आणलेला नमुना त्यामुळे पहिल्यांदाच मुळातून हलेल. यवतमाळला याचा फायदा होईल की तोटा, हे दोन गोष्टींवर ठरेल. तालुक्याच्या कॉलेजांत पूर्णवेळ शिक्षकांच्या जागा भरल्या जातात का, आणि स्वायत्त कॉलेजने दिलेल्या पदवीला राज्य पुरावा म्हणून पूर्ण किंमत देते का. १९५६ च्या ग्रामीण पदविकेचे जे झाले ते पुन्हा होऊ द्यायचे नसेल तर दुसरी अट आधी पाळावी लागेल.

वर वाचलेले सगळे कागद वरून खाली आलेले आहेत : संसद, आयोग, विधिमंडळ, मोठी माणसे. विद्यापीठाकडून आपल्याला काय हवे होते, हे यवतमाळच्या विद्यार्थ्याने स्वतः कुठे लिहिले असेल तर ते कॉलेजच्या वार्षिकांकांत, वादविवाद मंडळाच्या इतिवृत्तांत, वसतिगृहाच्या अर्जांत आणि घरी पाठवलेल्या पत्रांत. संस्था इमारत बदलतात किंवा मूल्यांकनाच्या आधी कपाटे रिकामी करतात तेव्हा पहिल्यांदा हेच रद्दीत जाते. यवतमाळ, दारव्हा, दिग्रस, पुसद, उमरखेड, पांढरकवडा, वणी इथल्या जुन्या महाविद्यालयांच्या प्राचार्यांना आणि ग्रंथपालांना, आणि ज्यांच्या घरी १९५० ते १९८० या काळातले असे काही पडले आहे त्या माजी विद्यार्थ्यांना विनंती आहे : ते टाकू नका, तारीख आणि नाव लिहून वेगळे बांधून ठेवा आणि जवळच्या सार्वजनिक वाचनालयात किंवा महाविद्यालयाच्या ग्रंथालयात त्याची नोंद करून द्या.